घरची बॅटरी, ग्रिडपासून स्वातंत्र्य आणि एक प्रश्न: कशाच्या तुलनेत?

छतावर सोलर, घरात लिथियम बॅटरी आणि ग्रिडपासून स्वातंत्र्य. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना हा विषय सध्या खुणावतो, आणि विषय चांगलाच आहे. अडचण येते ती लिटरेचर रिव्ह्यूत. ‘बॅटरीमुळे घर मोठ्या प्रमाणात स्वावलंबी होतं’ असं एका पेपरातलं वाक्य आणि ‘बॅटरीमुळे विजेचा वापर आणि प्रदूषण वाढतं’ असं दुसऱ्या पेपरातलं वाक्य शेजारी शेजारी येतं. खाली लगेच निष्कर्ष: ‘याबाबत संशोधकांत एकमत नाही, म्हणून इथे रिसर्च गॅप आहे.’

पुष्कळदा तो गॅप नसतोच. दोन्ही पेपर आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त ते दोन वेगवेगळ्या तुलना करत असतात. आज एक गाजलेला पेपर घेऊन हेच बघूया. पेपर चांगला आहे, म्हणूनच घेतोय. वाईट पेपरावर टीका करणं सोपं असतं आणि त्यातून शिकायला फार मिळत नाही.

पेपर काय म्हणतो

लेखक रॉबर्ट फेअर्स आणि मायकेल वेबर, टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन. जानेवारी २०१७ मध्ये ‘नेचर एनर्जी’त प्रसिद्ध. विषय असा: वीज कंपनीवरचं अवलंबन कमी करण्यासाठी सौरऊर्जा घरातच साठवली, तर काय परिणाम होतात?

काळ लक्षात घ्या. एप्रिल २०१५ मध्ये टेस्लाने पॉवरवॉल जाहीर केली होती आणि ‘आता ग्रिड कशाला?’ अशी चर्चा जोरात होती. घरगुती बॅटरी म्हणजे हरित ऊर्जा, हे जवळपास गृहीतच धरलं जात होतं. फेअर्स आणि वेबर यांनी ते गृहीतक तपासायला घेतलं.

त्यांनी टेक्सासमधल्या ९९ घरांची प्रत्यक्ष मोजलेली विजेची आकडेवारी घेतली. त्या घरांत मॉडेलमधली बॅटरी ‘बसवली’ आणि ती वेगवेगळ्या पद्धतीने चालवून पाहिली. निष्कर्ष तीन:

पहिला, घराची ग्रिडकडची कमाल मागणी ८ ते ३२ टक्क्यांनी कमी होते, आणि ग्रिडमध्ये सोडल्या जाणाऱ्या विजेचा कमाल झोत ५ ते ४२ टक्क्यांनी कमी होतो.

दुसरा, बॅटरीतल्या गळतीमुळे प्रत्येक घराचा वार्षिक वीजवापर सरासरी ३२४ ते ५९१ युनिटने वाढतो.

तिसरा, त्यामुळे प्रत्येक घरामागे वर्षाला १५३ ते ३०३ किलो कार्बन डायऑक्साइड जास्त सोडला जातो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइडही थोडे वाढतात.

आणि शेवटी एक अट येते: घरगुती साठवणुकीमुळे उत्सर्जन किंवा वीजवापर आपोआप कमी होणार नाही, साठवणुकीमुळे अक्षय ऊर्जेला थेट जागा मिळत असेल तरच होईल. ही अट डोक्यात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आकडे हातात घेऊन बघा

पेपर वाचताना सारांशातले आकडे तसेच वहीत उतरवू नका. आधी त्यांना आपल्या मापात आणा.

३२४ ते ५९१ युनिट वर्षाला, म्हणजे रोज साधारण ०.९ ते १.६ युनिट. हे कुठे जातात? एसीचं डीसी, डीसीचं पुन्हा एसी, बॅटरी भरताना आणि रिकामी होताना होणारी उष्णता, आणि यंत्रणा नुसती चालू ठेवण्यासाठी लागणारी थोडी वीज. दहा युनिट आत घातले तर नऊच्या आसपास बाहेर येतात. रोजच भर-उपस चालू असेल तर वर्षभरात एवढी गळती होणं अगदी स्वाभाविक आहे.

आता दुसरा हिशेब. १५३ ला ३२४ ने भागा: ०.४७. ३०३ ला ५९१ ने भागा: ०.५१. दोन्ही पल्ल्यांची टोकं एकमेकांशी जुळतात असं धरलं (हे माझं गृहीतक आहे), तर प्रत्येक वाया गेलेल्या युनिटमागे सुमारे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. हा आकडा गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या आसपासचा आहे. म्हणजे या पेपरातलं वाढीव प्रदूषण मुख्यतः गळतीतून आलेलं दिसतं. दुपारची वीज संध्याकाळकडे ढकलल्याने टेक्सासच्या त्या ग्रिडवर फारसा फायदाही झाला नाही आणि तोटाही नाही. दुपारीही गॅस जळत होता, संध्याकाळीही गॅस जळत होता. मध्ये बॅटरी आली आणि तिने आपला वाटा कापून घेतला.

या दोन भागाकारांतून पेपरचा गाभा हाती लागतो, आणि त्याची मर्यादाही.

यात चांगलं काय आहे

लेखकांनी बॅटरीची तुलना योग्य गोष्टीशी केली, हे या पेपरचं सगळ्यात मोठं श्रेय. एका बाजूला सोलर आणि बॅटरी असलेलं घर, दुसऱ्या बाजूला फक्त सोलर असलेलं तेच घर. सोलर दोन्हीकडे आहे, म्हणून फरक उरतो तो फक्त बॅटरीचा.

ही साधी गोष्ट वाटते, पण ती चुकवणारे प्रकल्प-अहवाल भरपूर असतात. समजण्यापुरते सोपे, काल्पनिक आकडे घेऊ. सोलरचा खर्च दीड लाख, बॅटरीचा खर्च दीड लाख, आणि दोन्ही लावल्यावर लाइटबिलात वर्षाला तीस हजारांची बचत. अहवाल म्हणतो: तीन लाख भागिले तीस हजार, दहा वर्षांत पैसे वसूल. दिसायला ठीक.

आता घर महाराष्ट्रात आहे आणि नेट मीटरिंग आहे असं धरा. दुपारी ग्रिडला एक युनिट दिलं की रात्री एक युनिट त्याच हिशेबात परत मिळतं. म्हणजे बॅटरी नसतानाही ती तीस हजारांची बचत झालीच असती. सोलरचे पैसे पाच वर्षांत वसूल होतात. बॅटरीने बिलात काहीच कमी केलं नाही, उलट गळतीमुळे थोडं वाढवलं, म्हणजे तिचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. पॅनेलच्या कमाईवर बॅटरीचा खर्च खपवला गेला आणि ‘दहा वर्षं’ हा आकडा तयार झाला.

फेअर्स आणि वेबर यांनी हे होऊ दिलं नाही. विजेच्या हिशेबात त्यांनी बॅटरीला तिचं स्वतःचं खातं उघडून दिलं. सिनॉप्सिसमध्ये तुम्हीही असंच करा. पॅनेलचं खातं वेगळं, बॅटरीचं वेगळं.

आता टीका: ग्रिड नेहमी असतोच का?

त्यांच्या तुलनेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. बॅटरी नसलेल्या घराची जास्तीची वीज ग्रिड केव्हाही घेतो आणि हवी तेव्हा ग्रिड वीज देतो. ऑस्टिनमधल्या रोजच्या व्यवहारासाठी हे गृहीतक चालण्यासारखं आहे. आपल्याकडच्या सगळ्या घरांना ते लागू होत नाही.

छतावरच्या साध्या ग्रिड-टाय इन्व्हर्टरचं वागणं आठवा. लाइट गेली की तो स्वतःला बंद करतो. कडक ऊन असलं तरीही. कारण सुरक्षेचं आहे: लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असताना एखाद्या छतावरून त्याच लाइनमध्ये वीज येणं जीवघेणं ठरेल. त्यामुळे ‘आमच्याकडे सोलर आहे, तरी लाइट गेली की आम्हीपण अंधारात’ ही तक्रार खरी असते आणि यंत्रणा नियमाप्रमाणेच चाललेली असते.

आता समजा, एखाद्या गावात तीन किलोवॉटचं सोलर आहे. उन्हाच्या दिवशी सुमारे बारा युनिट तयार होतात. दुपारी बारा ते तीन लाइट नाही. नेमक्या त्या तीन तासांत पॅनेल ताशी दोन युनिट या हिशेबाने सहा युनिट देऊ शकलं असतं. बॅटरी नसेल तर ही सहा युनिट ग्रिडलाही जात नाहीत आणि घरालाही मिळत नाहीत. दिवसाचं अर्धं उत्पादन गेलं. त्याच घरात हायब्रिड इन्व्हर्टर आणि पाच युनिटची बॅटरी असेल, तर घराचा त्या वेळचा वापर चालू राहतो आणि उरलेलं बॅटरीत जातं. गळती अर्ध्या युनिटची, वाचलेली वीज पाच-सहा युनिटची. टेक्सासचा ‘बॅटरीमुळे वापर वाढतो’ हा निष्कर्ष त्या दिवशी त्या घरापुरता उलटा होतो.

पण थांबा, यावरून ‘भारतात बॅटरी फायद्याचीच’ असं लिहू नका. लाइट दुपारी न जाता संध्याकाळी सात ते नऊ गेली, तर सोलरचं एकही युनिट वाया गेलेलं नसतं. तेव्हा बॅटरीचं मोल युनिटमध्ये मोजताच येत नाही. ते मुलांच्या अभ्यासात, फ्रीजमधल्या औषधात, पिठाच्या गिरणीच्या थांबलेल्या कामात मोजावं लागतं. म्हणजे वीज किती वेळ जाते एवढं पुरत नाही, ती केव्हा जाते हेही लागतं. तुमच्या अभ्यासक्षेत्रातल्या फीडरचं वेळेनिशी वेळापत्रक मिळवणं हे कदाचित तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं काम ठरेल.

आणखी एक मुद्दा खास आपला. आपल्याकडे पुष्कळ घरांत बॅटरी आधीपासून असते: इन्व्हर्टरची, लेड-ॲसिडची. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, आणि ती टिकवायची तर त्यातली साधारण निम्मीच वापरायची. ती ग्रिडवर चार्ज होते आणि तिची गळती लिथियमपेक्षा बरीच जास्त असते. अशा घरात ‘बॅटरी नसलेलं घर’ ही तुलनेची बाजूच अस्तित्वात नाही. तिथला खरा प्रश्न ‘जुनी बॅटरी की नवी?’ असा आहे. टेक्सासचा पेपर उद्धृत करून तुम्ही त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

ग्रिड कोणता, हेही महत्त्वाचं

आता त्या शेवटच्या अटीकडे येऊ: साठवणुकीमुळे अक्षय ऊर्जेला थेट जागा मिळत असेल तर.

ज्या ग्रिडवर दुपारी सौरवीज इतकी होते की काही प्रकल्प थांबवावे लागतात, तिथे दुपारी बॅटरीत घातलेलं युनिट जवळपास फुकटचं असतं, कारण नाहीतर ते तयारच झालं नसतं. संध्याकाळी ते बाहेर आलं की तेवढा गॅस किंवा कोळसा वाचतो. कॅलिफोर्नियात असंच झालंय. तिथे दुपारची जादा सौरवीज हा कायमचा प्रश्न बनला, आणि एप्रिल २०२३ पासून नव्या सोलर ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी मिळू लागला. अशा ठिकाणी बॅटरीचं गणित पैशाच्याही बाजूने आणि उत्सर्जनाच्याही बाजूने बदलतं. गळती तेवढीच राहते, तिचा अर्थ बदलतो.

भारतीय ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण कोळसा. म्हणून काहीजण टेक्सासचे युनिट घेऊन ०.७ ने गुणतात आणि ‘भारतासाठी अंदाज’ म्हणून छापतात. हे करू नका. सरासरी आकडा संपूर्ण वर्षाचा आणि सगळ्या केंद्रांचा असतो. बॅटरीने दुपारी घेतलेल्या युनिटसाठी नेमकं कोणतं केंद्र जास्त चाललं आणि रात्री दिलेल्या युनिटमुळे कोणतं कमी चाललं, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला सीमांत उत्सर्जन म्हणतात, आणि ते तासागणिक आणि वर्षागणिक बदलतं.

पेपर २०१७ चा आहे. त्याचा उत्सर्जनाचा निष्कर्ष त्या काळच्या टेक्सासच्या ग्रिडचा आहे. उद्धृत करताना जागा आणि काळ दोन्ही लिहा. ‘फेअर्स आणि वेबर यांच्या मते घरगुती बॅटरीमुळे प्रदूषण वाढतं’ हे वाक्य अर्धवट आहे, आणि परीक्षकाने पेपर वाचला असेल तर व्हायव्हात नेमकं हेच वाक्य पकडलं जाईल.

‘स्वावलंबन’ म्हणजे नक्की काय मोजता?

आता दुसऱ्या बाजूचे पेपर, म्हणजे स्वावलंबनाची टक्केवारी सांगणारे. तिथेही तोच प्रश्न विचारायचा: कशाच्या तुलनेत? इथे तो भागाकाराच्या छेदात लपलेला असतो.

एका घराचा एक दिवस घ्या. उत्पादन १२ युनिट. वापर १० युनिट: चार दिवसा, सहा रात्री. दिवसाचे चारही थेट सोलरवर भागतात असं धरू.

उत्पादन भागिले वापर: १२० टक्के. जाहिरात म्हणेल, ‘गरजेपेक्षा जास्त वीज!’

स्वावलंबन, म्हणजे वापरापैकी किती घरच्या सोलरवर भागलं: चार भागिले दहा, ४० टक्के.

स्ववापर, म्हणजे उत्पादनापैकी किती घरात वापरलं: चार भागिले बारा, ३३ टक्के.

घर एकच, दिवस एकच, आणि आकडे तीन: १२०, ४०, ३३. पेपर वाचताना पहिल्यांदा व्याख्या शोधा. ती सापडेपर्यंत टक्केवारी वहीत लिहू नका.

आता पाच युनिट देऊ शकणारी बॅटरी लावा. स्वावलंबन नऊ भागिले दहा, ९० टक्के. दहा युनिटची लावली तर? रात्रीची गरजच सहा युनिटची आहे, म्हणून १०० टक्के. पहिल्या पाच युनिटच्या बॅटरीने ५० टक्के मिळवून दिले, पुढच्या पाचने फक्त दहा. आणि हा उन्हाचा दिवस झाला. जुलैत, ढग दाटलेले असताना, उत्पादन चार युनिटवर आलं. त्यातले तीन थेट वापरले, एक बॅटरीत गेलं. स्वावलंबन ३९ टक्के. तेव्हा बॅटरी पाचची असो, दहाची असो की पन्नासची, काही फरक नाही. भरायलाच वीज नाही.

बर्लिनच्या एचटीडब्ल्यू या विद्यापीठातले वेनिगर, त्याडेन आणि क्वाश्निंग यांनी २०१४ मध्ये घरगुती सोलर-बॅटरीच्या आकारावर एक पेपर लिहिला, तो यासाठी जरूर वाचा. त्यांनी पॅनेल आणि बॅटरी या दोन्हींचे आकार घराच्या वार्षिक वापराच्या प्रमाणात मांडले. वर्षाला दर हजार युनिट वापरामागे एक किलोवॉट पॅनेल आणि एक युनिट बॅटरी, या प्रमाणात स्वावलंबन साधारण ३० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या आसपास जातं. त्यापुढे बॅटरी वाढवत नेली तर आलेख सपाट होत जातो. हे जर्मन हवामान आहे, जर्मन घर आहे. तिथला कठीण काळ हिवाळ्यात येतो, आपला पावसाळ्यात. आकडे उचलू नका, मांडणीची पद्धत उचला. तीच पद्धत लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या हवामानावर लावली तर आलेखाचा बाक कुठे येतो, हा खरोखरचा संशोधन-प्रश्न आहे.

तासाचा डेटा काय लपवतो

टक्केवारी फुगण्याची आणखी एक जागा म्हणजे डेटाचा कालावधी. तीन किलोवॉटचा गीझर वीस मिनिटं चालला: एक युनिट. त्या तासात सोलर सतत दीड किलोवॉट देतंय. दुसरं काही चालू नाही.

तासाची सरासरी घ्या. मागणी एक युनिट, उत्पादन दीड युनिट. स्वावलंबन १०० टक्के.

मिनिटांचा डेटा घ्या. त्या वीस मिनिटांत सोलरने दिलं अर्धं युनिट, उरलेलं अर्धं ग्रिडमधून आलं. बाकीच्या चाळीस मिनिटांत एक युनिट ग्रिडला गेलं. स्वावलंबन ५० टक्के.

गीझर, इस्त्री, इंडक्शन, पाण्याची मोटर ही सगळी थोडा वेळ पण जोरात चालणारी यंत्रं. बॅटरी नसलेल्या घराचं चित्र तासाच्या डेटामुळे फार गोड दिसतं. मग बॅटरीचा फायदा मात्र कमी दिसतो, कारण तिने करायचं काम सरासरीनेच करून टाकलेलं असतं. म्हणजे ही चूक दोन्ही बाजूंना जाते. तुमच्याकडे फक्त तासाचा डेटा असेल तर तो वापरा, पण मर्यादांच्या प्रकरणात हे स्पष्ट लिहा आणि चूक कोणत्या दिशेने जाईल तेही सांगा. ‘डेटाच्या मर्यादा आहेत’ एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

शेवटचे दहा टक्के

संपूर्ण सुटका, म्हणजे ग्रिडची वायरच काढून टाकणं. सिडनी विद्यापीठातले खलीलपूर आणि वासालो यांनी २०१५ मध्ये ‘एनर्जी पॉलिसी’त नेमका हाच प्रश्न विचारला: ग्रिड सोडणं ही आकांक्षा आहे की खरोखरचा पर्याय? त्यांचा कल असा, की मोठ्या प्रमाणावर लोक वायर काढून टाकतील हे चित्र वास्तवाला धरून नाही. जोडणी ठेवून ग्रिडमधून घ्यायची वीज शक्य तितकी कमी करणं घरासाठी जास्त शहाणपणाचं.

कारण आपल्या वरच्या घरातच दिसतं. ९० टक्क्यांपर्यंत पाच युनिटची बॅटरी पुरली, तीही उन्हाच्या दिवशी. ग्रिड पूर्ण सोडायचा तर सलग चार अंधाऱ्या दिवसांची सोय हवी: चाळीस युनिट, म्हणजे आठपट बॅटरी. ती वर्षातून मोजक्या वेळा पूर्ण वापरली जाईल. बाकीचे दिवस लाखो रुपये भिंतीला टांगलेले. ग्रिड हेच काम सगळ्यांत वाटून, खूप स्वस्तात करतो.

अमेरिकेतल्या रॉकी माउंटन इन्स्टिट्यूटचे दोन अहवाल या जोडीला वाचा. २०१४ चा ग्रिड सोडण्याच्या अर्थकारणावर होता. २०१५ चा जोडणी ठेवून मागणी कमी करण्याच्या अर्थकारणावर. एकाच संस्थेने वर्षभरात प्रश्न कसा बदलला, हे बघण्यासारखं आहे.

पण इथे ‘घरासाठी शहाणपणाचं’ यातल्या ‘घरासाठी’वर बोट ठेवा. खांब, तारा, रोहित्रं आणि ती सांभाळणारी माणसं यांचा खर्च आपण युनिट कमी घेतले म्हणून कमी होत नाही. ज्यांना दीड-दोन लाख घालून सोलर लावणं परवडतं ते कमी युनिट विकत घेऊ लागले, की तो खर्च उरलेल्यांवर वाटला जातो. भाड्याच्या खोलीत राहणारा, पत्र्याचं छत असणारा, चाळीत वरचा मजला दुसऱ्याचा असणारा माणूस त्या ‘उरलेल्यां’मध्ये असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॉटसाठी ७८ हजारांचं अनुदान मिळतं. पण त्यासाठी आधी स्वतःचं छत लागतं. एका घराचं स्वातंत्र्य मोजताना शेजारच्या घराचं बिल तुलनेत धरलं की नाही, हे सांगणं ही संशोधकाची जबाबदारी आहे. मी वर सांगितलेल्या पेपरांपैकी टेक्सासचा आणि बर्लिनचा पेपर घराच्या पातळीवर मोजतात. तो त्यांचा दोष नाही, ती त्यांची चौकट आहे. चौकटीबाहेरचा निष्कर्ष त्यांच्या नावावर खपवला तर मात्र तो आपला दोष.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

या विषयावरचा कुठलाही पेपर वाचताना समासात चार गोष्टी लिहून ठेवा.

१. तुलनेची दुसरी बाजू कोणती: काहीच नसलेलं घर, फक्त सोलर असलेलं घर, की जुना इन्व्हर्टर असलेलं घर?

२. ग्रिड कसा धरलाय: नेहमी असणारा की जाणारा? जात असेल तर केव्हा?

३. टक्केवारीचा छेद कोणता आणि डेटा किती मिनिटांचा?

४. फायदा कोणाचा मोजलाय: घराचा, वीज कंपनीचा, की सगळ्या ग्राहकांचा?

पन्नास पेपरांचा तक्ता करताना हे चार रकाने घाला. ‘एकमत नाही’ असे वाटणारे कितीतरी पेपर वेगवेगळ्या खणांत जाऊन बसतील, आणि काही खण रिकामे राहतील. तुमचा रिसर्च गॅप तिथे शोधा. ‘दुपारी जाणारी लाइट, जुना लेड-ॲसिड इन्व्हर्टर, मिनिटांचा डेटा, आणि फायदा गावाचा’ हा खण तुमच्या तक्त्यात रिकामा राहतो का, ते आधी तपासा.

सराव म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरच्या महावितरणच्या बिलावरून मागच्या बारा महिन्यांचे युनिट उतरवून घ्या. पीव्हीवॉट्स हे मोफत साधन वापरून आपल्या गावासाठी तीन किलोवॉटचं महिनावार उत्पादन काढा. दोन्ही शेजारी मांडा आणि वरची तीनही प्रमाणं काढायचा प्रयत्न करा. पहिलं लगेच निघेल. उरलेली दोन निघणार नाहीत, कारण दिवसा किती वापरलं आणि रात्री किती, हे मासिक बिलात सहसा नसतं. ते कसं मिळवायचं याचा विचार सुरू झाला, की तुमच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणाचं पहिलं पान लिहायला घ्या.